'टुडे ओन्ली' म्हणजे नक्की कधी?

ज्यांना लोकलमध्ये, एसटीत किंवा लेक्चरला मागच्या बाकावर बसून हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. बोलताना येणारे 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' हे सगळं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये त्याला विचारलं, इंटर्नशिप कुठे केलीस? तो म्हणाला, 'इन माय टाउन ओन्ली.' पॅनेलमधला एक जण हसला आणि फक्त एवढंच म्हणाला, 'ओन्ली?' बस, ह्याचं पुढचं सगळं गेलं. येत होती ती उत्तरंही आली नाहीत. त्याचा प्रश्न असा: "दादा, ह्यात चूक काय आहे? आमच्याकडे सगळे असंच बोलतात. सरपण. आणि चूक असेल तर मग बरोबर काय म्हणायचं?"

मी आधी त्याला दोन ओळींचं उत्तर टाइप केलं. मग खोडलं. कारण ह्या एका शब्दावरून मीही एकदा चांगला तोंडावर आपटलोय, आणि माझ्या चुकीची किंमत मी नाही, दुसऱ्यांनी मोजली होती.

नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. क्लायंट अमेरिकेतला. त्यांच्या जुन्या डेटाबेसमधला सगळा डेटा नव्या सर्व्हरवर हलवायचा होता. हलवल्यावर आकडे जुळतायत का हे बघायला त्यांच्या बाजूचेही दोघं-तिघं ऑनलाइन असायला हवे होते. तिकडच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनी मेल केला, तुमच्या टीमला हे कधी जमेल? मी लगेच उत्तर लिहिलं, 'वी कॅन डू इट धिस सॅटर्डे ओन्ली.'

माझ्या डोक्यात काय होतं? 'ह्या शनिवारीच करून टाकू की! कशाला लांबवायचं?' उत्साह होता हो नुसता. आम्ही किती तत्पर आहोत ते दाखवायचं होतं.

त्यांनी काय वाचलं? 'आम्हाला फक्त ह्या शनिवारी जमेल. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही.'

आणि तो शनिवार थँक्सगिव्हिंगचा होता. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा त्यांचा सण. पुढचा शुक्रवार जोडून लोक चार दिवस घरी जातात, आपल्याकडे दिवाळीला जातात तसे. मला हे माहीत नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही. 'ओके, वी विल मेक इट वर्क' एवढं उत्तर आलं.

शनिवारी कॉल सुरू झाला. त्यांच्यातला एक जण गाडीत बसून बोलत होता, कारण घरात पाहुणे होते. काम नीट झालं. शेवटी बाईंनी अगदी सहज विचारलं, बाकीच्या दिवशी तुम्हाला काय अडचण होती? मी म्हणालो, 'नो नो, एनी डे वॉज फाइन.'

कॉलवर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मग तो गाडीतला माणूस म्हणाला की मी ह्यासाठी घरच्यांना सोडून चार तास गाडी चालवत परत आलोय.

आता गंमत बघा. कॉल संपल्यावर मी, माझा टीम लीड आणि अजून एक सहकारी असे तिघं बसून तो मेल पुन्हा पुन्हा वाचत होतो. तिघंही मराठी. तिघांनाही त्यात काही चूक दिसेना! 'सॅटर्डे ओन्ली. बरोबर तर आहे. शनिवारीच.' सोमवारी बाईंचा मेल आला. सभ्य शब्दांत लिहिलं होतं की तुम्ही आम्हाला 'ओन्ली सॅटर्डे' जमेल असं कळवलं होतंत. ओन्ली शनिवारच्या मागून उचलून पुढे ठेवलेला दिसला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'फक्त शनिवार'. त्यांच्यासाठी ओन्ली आधी आला काय आणि नंतर आला काय, अर्थ एकच होता. माझ्यासाठी ते दोन वेगळे शब्द होते.

तर आधी हा शब्द मुळात आहे काय ते बघू.

ओन्लीच्या पोटात 'वन' आहे. वन अधिक ली. जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे एक, आणि 'आनलीक' म्हणजे एकासारखा, एकमेव. ह्याच एकाच्या घराण्यात 'अलोन' आहे, जो मुळात 'ऑल वन' होता, आणि त्या अलोनमधून पुढे 'लोन्ली' आला. म्हणजे ओन्लीचं मूळ कामच कुंपण घालायचं. आत एक ठेवायचा, बाकी सगळ्यांना बाहेर काढायचं. 'ओन्ली सॅटर्डे' म्हटलं की रविवार ते शुक्रवार सगळे कुंपणाबाहेर गेले. इंग्रजी जन्मापासून बोलणाऱ्याच्या कानाला ओन्ली ऐकला की पहिला प्रश्न पडतो तो हाच: बाहेर कोण गेलं?

आता आपला 'च' घ्या. एका अक्षराचा प्रत्यय, पण त्याचं काम बघितलं तर चक्रावायला होतं.

'पाचच मिनिटं थांब.' इथे कुंपण आहे. सहावं मिनिट नाही. ओन्ली फाइव्ह मिनिट्स. अगदी फिट बसतो.

'तो येणारच.' इथे कुंपण कुठेय? इथे खात्री आहे. इंग्रजीत 'डेफिनेटली' लागेल.

'मी जेवलोच नाही.' इथे 'ॲट ऑल'.

'हाच तो माणूस.' इथे 'द सेम मॅन' किंवा 'द व्हेरी मॅन'.

'इथेच उभा होता.' म्हणजे 'राइट हिअर'.

'तूच म्हणालास ना?' इथे इंग्रजी अख्खी वाक्यरचना बदलते: 'इट वॉज यू हू सेड सो.' किंवा बोलताना नुसता 'यू' वर जोर देते. लिहिताना तो जोर दिसत नाही, ही त्यांची अडचण. आपल्याला ती अडचण नाही, कारण आपला जोर अक्षरात लिहिलेला असतो.

'आजच पाठवतो.' आणि इथेच माझा शनिवार बुडाला. ह्या 'च'मध्ये उद्या नको असं काही नाहीये. ह्यात तातडी आहे, आपुलकी आहे, 'काळजी करू नका' आहे. ओन्लीमध्ये ह्यातलं काहीही नाही. आजच पाठवतो म्हणजे आज पाठवतो, उशीर करणार नाही. आय विल सेंड इट टुडे ओन्ली म्हणजे, परक्या कानाला, पाठवीन तर आज, उद्या मागू नका. दिलासा द्यायला गेलो आणि धमकी देऊन आलो!

मग आपण 'च'च्या जागी ओन्ली लावायला शिकलो कुठे? मला वाटतं, 'पाचच मिनिटं' इथे. तिथे दोन्ही शब्द खरोखर एकमेकांवर बसतात. 'एकच', 'दोनच', 'एवढंच', सगळीकडे ओन्ली चालतो. शाळेत कोणीतरी सांगितलं की 'च' म्हणजे ओन्ली, आपण वहीत लिहून घेतलं, आणि मग बाकीच्या सगळ्या 'च'ना तीच किल्ली लावत सुटलो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ह्याला म्हणतो, एका टेस्ट केसवर कोड चालला म्हणून थेट प्रॉडक्शनला टाकणं.

आणि मराठी माणूसच हे करतो असं समजू नका. हिंदीत 'ही' आहे, 'आज ही'. तमिळमध्ये 'दान' आहे, कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी 'ए' लागतो, कोंकणीत तर 'च'च आहे. भारतातल्या कितीतरी भाषांत जोर द्यायला असा छोटा शब्द किंवा प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतो. म्हणून दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सगळे 'हिअर ओन्ली', 'लाइक दॅट ओन्ली' म्हणतात आणि एकमेकांना ते बरोबर कळतं. राकेश भट्ट नावाचे भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००० साली भारतीय इंग्रजीवर लिहिलेल्या संशोधनात ह्या ओन्लीचा विचार केलाय. आपला ओन्ली वाक्यातल्या एखाद्या भागावर प्रकाशझोत टाकण्याचं काम करतो आणि ह्या वापराला स्वतःचा नियम आहे, अशी ती मांडणी आहे. म्हणजे हा अडाणीपणा नाही. नियम दुसरा आहे, इतकंच.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण व्हॉइस नोट पाठवणाऱ्या आपल्या मित्राला वाटलं असणार की आपलं इंग्रजी कच्चं आहे. तो पॅनेलवाला बहुतेक घरी गेल्यावर बायकोला 'आय अ‍ॅम कमिंग नाऊ ओन्ली' असंच म्हणत असेल.

हे झालं आपल्या ओन्लीचं. आता त्यांच्या ओन्लीकडे वळू, कारण तोही काही साधा नाही. त्याचा सगळा खेळ जागेवर चालतो.

एक वाक्य घ्या. 'माय रूममेट पेड रेंट इन मार्च.' माझ्या रूममेटने मार्चमध्ये भाडं दिलं. आता ह्यात ओन्ली फिरवूया.

'ओन्ली माय रूममेट पेड रेंट इन मार्च.' रूममेटनेच दिलं, बाकीच्यांनी टांग मारली. 'माय ओन्ली रूममेट.' मला एकच रूममेट आहे. (इथे तो ॲडव्हर्ब राहिलाच नाही, विशेषण झाला. 'ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतं एक, तोच हा.) 'माय रूममेट पेड ओन्ली रेंट.' भाडंच दिलं, लाइट बिलाला हात लावला नाही. 'पेड रेंट ओन्ली इन मार्च.' मार्चमध्येच दिलं, बाकी अकरा महिने माझ्या खिशातून. सगळे शब्द तेच, फक्त हा एक पाहुणा खुर्ची बदलतोय, आणि दर वेळी भांडण वेगळ्या माणसाशी होतंय.

मराठीत काय करतो आपण? 'रूममेटनेच', 'भाडंच', 'मार्चमध्येच'. 'च' ज्याला चिकटला त्याचा झाला, संशयाला जागा नाही. इंग्रजीत ओन्ली असा चिकटत नाही, मोकळा फिरतो. म्हणून त्याचा नियम असा की ज्याला कुंपण घालायचं त्याच्या लगेच आधी उभा करा. आपला 'च' मागून चिकटतो, त्यांचा ओन्ली पुढे उभा राहतो. आपली सगळी गडबड ह्या एका उलट्या दिशेतून होते.

तुमच्या फोनमध्येच बघा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲडमिनने बोलणं बंद केलं की खाली काय येतं? 'ओन्ली ॲडमिन्स कॅन सेंड मेसेजेस.' ॲडमिनच मेसेज टाकू शकतात. २०१८ मध्ये ही सोय आली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर केवढी शांतता झाली होती! आता ओन्ली दोन घरं पुढे सरकवा. 'ॲडमिन्स कॅन ओन्ली सेंड मेसेजेस.' झालं, आता ॲडमिन बिचारे नुसते मेसेज टाकू शकतात, कोणाला काढू शकत नाहीत, घेऊ शकत नाहीत. राजाचा शिपाई झाला.

हा विनोद वाटतोय? आमच्याकडे हे खरंच घडलंय. एक रजेचं सॉफ्टवेअर होतं. कागदावर लिहिलेली गरज अशी: 'मॅनेजर कॅन ओन्ली अप्रूव्ह लीव्ह.' लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, रजा मंजूर करणं हे मॅनेजरचंच काम, दुसऱ्या कोणाचं नाही. कोड लिहायला आलेल्या नवीन पोराचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. त्याने वाक्य जसं होतं तसं वाचलं, मॅनेजरला फक्त रजा मंजूर करता येते, आणि अगदी तसंच बनवलं. चाचणीच्या दिवशी मॅनेजर लोकांना कळलं की त्यांना दुसऱ्यांच्या रजा मंजूर करता येतायत, स्वतःसाठी रजा टाकता येत नाहीये! आणि मूळ जे हवं होतं, की बाकी कोणी मंजूर करू नये, ते तर कुठेच नव्हतं. टीम लीडच्या लॉगिनमधूनही रजा मंजूर होत होती. एका शब्दाची खुर्ची चुकली आणि दोन बग निघाले. पोराची चूक म्हणाल तर शून्य.

बोलण्यातही हे होतं बरं का. 'यू ओन्ली टोल्ड मी!' आपण किती सहज म्हणतो. तूच तर सांगितलंस! परक्या माणसाला ऐकू येतं, तू मला नुसतं सांगितलंस, केलं काहीच नाहीस.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. खुद्द इंग्रजी बोलणारेही ओन्ली नेहमी त्याच्या हक्काच्या जागी ठेवत नाहीत. बोलताना ते तो क्रियापदाच्या आधी टाकतात आणि आवाजाच्या चढउतारावरून कळतं कशाबद्दल आहे ते. 'आय ओन्ली ड्रँक टी' म्हणतील आणि 'टी'वर जोर देतील. ह्यावर तिकडे अडीचशे वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय. रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्री महाशयांनी १७६२ मध्ये व्याकरणाचं पुस्तक लिहिलं, त्यातच त्यांनी ओन्लीच्या चुकलेल्या जागेबद्दल नाक मुरडलंय. पुढे १९२६ मध्ये फाउलरने इंग्रजीच्या वापरावर जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात त्याने उलटी बाजू घेतली: जिथे गैरसमज व्हायची शक्यता नाही तिथे उगाच जागेवरून वाद घालू नका. मला फाउलरचं पटतं. पण रजेचं सॉफ्टवेअर लिहिताना लाउथसाहेब. तिथे आवाजाचा चढउतार कोण ऐकणार?

आता थोडं अवघड. पण कॉम्पिटिटिव्ह परीक्षा देणाऱ्यांनी हे नीट ऐका, लॉजिकच्या प्रश्नांत हे हमखास येतं.

'इफ' आणि 'ओन्ली इफ'.

बाबा म्हणाले, "पास झालास तर गाडी मिळेल." हे इफ. हा शब्द दिलाय. पास झालास आणि गाडी मिळाली नाही, तर बाबांनी शब्द मोडला.

बाबा म्हणाले, "पास झालास तरच गाडी मिळेल." हे ओन्ली इफ. ह्यात बाबांनी काय कबूल केलं? नीट बघा. नापास झालास तर गाडी नाही, एवढंच पक्कं. पास झाल्यावर मिळेलच असं काटेकोरपणे बघितलं तर कुठेही म्हटलेलं नाही. पास होणं ही अट आहे, वचन नाही. घरात आपण 'तरच'मधून वचनही ऐकतो, कारण बाबांवर विश्वास असतो. परीक्षेच्या पेपरवर आणि कंपनीच्या अटींमध्ये तो ठेवू नका. 'सात दिवसांत परत केलं तरच रिफंड', 'रिफंड ओन्ली इफ रिटर्न्ड विदिन सेव्हन डेज', ह्याचा अर्थ सातव्या दिवसाच्या आत पाठवलं की पैसे आलेच, असा नाही. आणखी अटी खाली बारीक अक्षरात असू शकतात. दोन्ही बाजूंनी पक्कं हवं असेल तर गणितवाले 'इफ अँड ओन्ली इफ' म्हणतात.

पण ह्यात मला आवडतं ते वेगळंच. इंग्रजीत दोन शब्द लागतात ते आपण एका अक्षरात करतो. 'तर' आणि 'तरच'. आणि बघा, ओन्ली तिकडे अटीच्या तोंडाशी, इफच्या आधी बसतो, आणि आपला 'च' अट संपल्यावर 'तर'च्या शेपटीला. पुन्हा तीच उलटी दिशा. हा 'च' जुना आहे हं. ज्ञानेश्वरीत तो 'चि' ह्या रूपात दिसतो आणि ज्ञानेश्वरी १२९० ची. तेव्हापासून तो मागून चिकटतोय. आपण दहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकलो म्हणून त्याची सवय मोडेल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

ह्याच कुटुंबातला 'देन ओन्ली'. 'देन ओन्ली आय अंडरस्टुड' म्हणजे तेव्हाच मला कळलं. त्यांच्याकडे हे 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड' असं होतं. ओन्ली पुढे येतो, आणि तो वाक्याच्या सुरुवातीला असा वेळेला किंवा अटीला धरून आला की मागे प्रश्नासारखी उलटी रचना लागते, 'डिड आय'. बोलताना हे जड वाटतं, मी स्वतः कधी बोलत नाही. 'दॅट्स व्हेन आय अंडरस्टुड' म्हणा. त्यात 'तेव्हाच'चा सगळा जोर येतो आणि जीभही अडखळत नाही.

एक ओन्ली मात्र आपण सगळे अगदी बरोबर वापरतो, तो चेकवरचा. 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली.' हा मागे का? कारण इथे त्याचं काम दरवाजा बंद करायचं आहे. पाच हजारच्या पुढे कोणी 'फाइव्ह हंड्रेड' घुसडू नये म्हणून. मराठी पावतीवर 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' किंवा 'मात्र' लिहितात, तेही ह्याचसाठी. आणि आपला 'फक्त' मूळचा अरबी 'फकत'. अरबी चेकवर आजही रकमेच्या आधी 'फकत' आणि शेवटी 'ला गैर' लिहितात, म्हणजे एवढेच, दुसरं काही नाही. त्यांनी दोन्ही बाजूंना कुलूप लावलं!

आणखी दोन-तीन पटकन. 'ओन्ली जस्ट' म्हणजे आपलं 'आत्ता कुठे'. आय हॅव ओन्ली जस्ट वोकन अप, आत्ता कुठे उठलोय. 'ओन्ली टू हॅपी टू हेल्प' मध्ये मर्यादा वगैरे काही नाही, ते 'अगदी आनंदाने' आहे. कोणी मेलमध्ये लिहिलं तर नाराज होऊ नका. आणि 'इफ ओन्ली' हा 'ओन्ली इफ'चा भाऊ नाही. तो हळहळ आहे. 'असं झालं असतं तर!' मी त्या वेळी कॅलेंडर बघितलं असतं तर!

आता मुद्द्याचं. मग बोलायचं काय?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे बहुतेक ठिकाणी काहीच लावू नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण 'आजच पाठवतो'चं चांगलं इंग्रजी आहे 'आय विल सेंड इट टुडे'. संपलं. आपल्याला 'च' काढला की वाक्य थंड वाटतं, त्यांना वाटत नाही. फार तर 'बाय द एंड ऑफ द डे' जोडा, म्हणजे तातडी कळेल. 'टुडे इटसेल्फ' हा पर्याय कोणी सुचवेल, पण तोही आपलाच आहे, तिकडे कानाला खटकतो. गैरसमज करत नाही, एवढंच त्याच्या बाजूने.

'इथेच' साठी 'राइट हिअर'. 'आत्ताच आला' साठी 'ही जस्ट केम'. 'तूच म्हणालास' साठी 'यू आर द वन हू सेड इट'. 'असंच' म्हणून टोलवायचं असेल तर 'नो रीझन, रिअली'. आणि जिथे खरोखर कुंपण घालायचं आहे, फक्त शनिवार, फक्त मॅनेजर, फक्त रोख, तिथे ओन्ली घ्या आणि त्या शब्दाच्या अगदी आधी ठेवा. माझी एक सवय सांगतो. मेल पाठवायच्या आधी मी ओन्ली हा शब्द सर्च करतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या जागी 'फक्त' घालून वाक्य मनात मराठीत वाचतो. 'फक्त ह्या शनिवारी करू शकतो.' हे मला म्हणायचंय का? नाही? मग काढा. 'च' घालून वाचू नका हं, 'च' सगळीकडे बरोबरच वाटतो, तीच तर अडचण आहे.

मित्रांमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, पुणे-बेंगळुरू कॉलवर बिनधास्त 'हिअर ओन्ली' म्हणा. समोरच्यालाही 'च' किंवा 'ही' किंवा 'दान' ऐकू येतोय. मी अजून म्हणतो. तिथे 'राइट हिअर' म्हटलं तर लोक विचारतील, काय रे, अमेरिकेला जाऊन आलास का?

व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्या वाक्याबद्दल. 'इन माय टाउन ओन्ली' ह्यात तुला सांगायचं होतं, 'आमच्या गावातच केली'. त्या पॅनेलवाल्याने ऐकलं, 'फक्त गावात, बाहेर कुठे नाही'. त्याला ते तोकडं वाटलं. तुझ्या मनात उलट होतं ना? की एवढ्या छोट्या गावात मला चांगलं काम मिळालं. मग पुढच्या वेळी ते सांग. 'आय डिड इट राइट इन माय होमटाउन,' आणि लगेच काय काम केलंस ते. कोणी हसून 'ओन्ली?' म्हणालंच, तर म्हण, 'यस, अँड लेट मी टेल यू व्हॉट आय बिल्ट देअर.' आणि इंटरव्ह्यूचं काय झालं ते कळव.

त्या अमेरिकन टीमबरोबर मी पुढे दोन वर्षं काम केलं. गाडीतला तो माणूस नंतर चांगला मित्र झाला. पण मी कुठलाही वार कळवला की त्याचं एका ओळीचं उत्तर यायचं: 'टेन्टेटिव्ह ऑर सॅटर्डे ओन्ली?' पहिल्यांदा मला वाटलं टोमणा आहे. नंतर कळलं, तो खरंच विचारत होता.